नळदुर्गचा किल्ला, 1960 चा कायदा आणि 10 वर्षांचा करार

नळदुर्गचा किल्ला राज्य शासनाचा आहे. 2014 मध्ये त्याची देखभाल आणि पर्यटनाची व्यवस्था सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे 10 वर्षांच्या करारानं सोपवली गेली. किल्ल्याच्या तटाबाहेर जे गाव आहे, जिथं पाहुणा गाडी लावतो, चहा पितो, जेवतो आणि जमलं तर रात्र काढतो, ते नळदुर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत येतं. या तिघांपैकी पहिले दोघे एका कागदावर सह्या करून बांधले गेले. तिसऱ्याची सही त्या कागदावर नाही.

राज्याच्या कायद्यांचा स्थानिक पर्यटनावर काय परिणाम होतो, याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा धोरणांच्या घोषणांवरच थांबते. किती कोटींची गुंतवणूक येणार, किती लाख रोजगार होणार, एवढंच ऐकू येतं. धाराशिव जिल्ह्यातल्या, तुळजापूर तालुक्यातल्या या एका किल्ल्याचं प्रकरण जवळून पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. कायद्यानं किल्ला राखला, शासन निर्णयानं किल्ला खुलवला, पण किल्ल्यावर पोट भरू पाहणाऱ्या गावाला दोन्हीकडे हक्काची जागा मिळाली नाही. हे जाणूनबुजून झालं असं मला वाटत नाही. ज्या काळी कायदा लिहिला गेला त्या काळी पर्यटन हा गावाचा धंदा असू शकतो, हे कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं. ते आज डोळ्यांपुढे आहे, आणि म्हणून चूक दुरुस्त करायला हवी.

किल्ला आणि गाव

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, सोलापूरपासून 45 ते 50 किलोमीटरवर नळदुर्ग लागतं. बोरी नदीनं इथं मोठं वळण घेतलं आहे आणि त्या वळणाचा उपयोग करून किल्ला बांधला आहे. मुख्य किल्ला एका बाजूला, रणमंडळ हा जोडकिल्ला दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना जोडणारा दगडी बंधारा मधे. या बंधाऱ्याच्या पोटातच महाल आहे, तो पाणी महाल. दुसरा इब्राहिम आदिलशहा विजापूरच्या गादीवर असताना, 1613 मध्ये हे काम झालं. नदी भरली की बंधाऱ्यावरून पाणी दोन सांडव्यांतून खाली झेपावतं, एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. आत महालात उभं राहिलं तर समोर पाण्याचा पडदा आणि अंगावर थेंबही नाही. चारशे वर्षांपूर्वी ज्यानं पाण्याचा दाब, दगडाचं वजन आणि माणसाच्या डोळ्याचं सुख या तिन्हींचा हिशेब एकाच बांधकामात बसवला, त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

इतिहासही काही थोडा नाही. बहमनी, आदिलशाही, मोगल, निजाम अशा सत्ता इथं नांदल्या. 1853 मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे गेला तेव्हा कर्नल मेडोज टेलर याच किल्ल्यात राहून कारभार पाहत होता. 1860 मध्ये तो पुन्हा निजामाकडे आला. जिल्ह्याचं ठाणंही एके काळी नळदुर्गच होतं. 13 सप्टेंबर 1948 ला हैदराबादची पोलीस कारवाई सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून शिरलेल्या भारतीय सैन्यानं पहिल्याच दिवशी जे ठिकाण घेतलं ते नळदुर्ग, आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती लागला म्हणून पुढची वाट मोकळी झाली. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत या पुलाचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा.

पण पर्यटनाच्या हिशेबात इतिहासापेक्षा भूगोल जास्त बोलतो. नळदुर्गला येणारा पाहुणा मुख्यतः दिवसाचा पाहुणा आहे. सोलापूर, लातूर, उमरगा, कलबुर्गी या बाजूंनी तो येतो, धबधबा पाहतो आणि संध्याकाळी परततो. तुळजापूर 35 किलोमीटरच्या आसपास. नवरात्रात आणि त्यानंतरच्या कोजागिरीला कर्नाटक-तेलंगणातून भवानीच्या दर्शनाला निघालेले भाविक, त्यांतले कितीतरी पायी, याच भागातून जातात. म्हणजे गावाच्या दारातून गर्दी जाते, थांबत मात्र नाही. बोरी धरण भरून सांडलं की नर-मादी वाहतात. मग रविवारी गावात गाडी वळवायला जागा नसते. पाऊस हटला की तेच गाव सुनं. असा हंगामी, घाईचा, अर्ध्या दिवसाचा धंदा. त्याला मुक्कामाच्या धंद्यात बदलणं हेच नळदुर्गच्या पर्यटनाचं खरं काम आहे, आणि कायदा मदत करतो की आडवा येतो हे त्याच एका मापानं तपासायला हवं.

कायदा कुणाला ओळखतो

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पर्यटन नावाची नोंदच नाही. त्याचे तुकडे मात्र जागोजागी आहेत. राज्य सूचीत सातवी नोंद देशातल्या तीर्थयात्रांची, अठ्ठाविसावी बाजार आणि जत्रांची, एकतिसावी खाणावळी-सराया आणि त्या चालवणाऱ्यांची. बारावी नोंद संसदेनं राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर न केलेल्या प्राचीन व ऐतिहासिक स्मारकांची. तेव्हा नळदुर्गला येणारा पाहुणा खंडोबाला आला तर एका नोंदीखाली, किल्ला पाहायला आला तर दुसऱ्या, आणि रात्री मुक्कामाला राहिला तर तिसऱ्या नोंदीखाली. सगळं राज्याच्याच हातात, पण वेगवेगळ्या खात्यांच्या टेबलांवर.

बाराव्या नोंदीच्या आधारावर उभा आहे तो 1960 चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके आणि पुराणवस्तुशास्त्रीय स्थळे व अवशेष अधिनियम. नळदुर्ग राज्य संरक्षित स्मारक आहे ते या कायद्यानुसार. इथं एक फरक स्पष्ट ठेवायला हवा, कारण मराठवाड्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदतात. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बिबी का मकबरा ही केंद्राच्या 1958 च्या कायद्याखाली, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. तिथं 2010 च्या दुरुस्तीनं स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला पूर्ण मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरला नियंत्रण आलं, परवानगीसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण उभं राहिलं. वेरूळच्या हॉटेलवाल्याची तक्रार दिल्लीपर्यंत जाते. नळदुर्गच्या हॉटेलवाल्याची मुंबईतल्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयापर्यंत. नियम जाचक असला तरी तो ठरलेला असला की माणूस त्याच्या बेतानं घर बांधतो. वेरूळला मीटरात मोजलेली रेषा तरी आहे.

1960 चा कायदा वाचताना त्याचा जीव कुठं आहे ते लगेच कळतं. स्मारक जाहीर कसं करायचं, मालकाशी संरक्षणाचा करार कसा करायचा, संरक्षित क्षेत्रात खणायला, बांधायला, तोडायला बंदी कशी घालायची, नासधूस करणाऱ्याला शिक्षा काय, लोकांना आत जायचा हक्क कोणत्या अटींवर. हा राखणदाराचा कायदा आहे, आणि राखणदार म्हणून त्यानं काम केलं. तटाचे दगड काढून घरं बांधायची सवय आपल्याकडे गावोगाव होती; कायदा नसता तर नळदुर्गचे बुरूज आज गावात ठिकठिकाणी जोत्यांत सापडले असते. पण या कायद्याला माणसं दोनच माहीत आहेत: स्मारकाचा मालक आणि स्मारकाला इजा करणारा. स्मारकामुळे चार पैसे कमावणारा, स्मारकाच्या दाराशी शेंगा विकणारा, पाहुण्याला पाणी महालाची गोष्ट सांगणारा पोरगा, यांच्यापैकी कुणालाच तो ओळखत नाही. नगरपरिषदेलाही नाही.

2014 नंतर

कायद्यात जे नव्हतं ते शासनानं योजनेतून आणलं. 2007 च्या महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजनेत खाजगी संस्थेला स्मारकाचं पालकत्व घेता येतं. मालकी शासनाकडेच राहते, जतनाचं काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली, आणि खर्च पालकाचा. 2014 मध्ये नळदुर्ग या योजनेत गेला.

पुढं काय झालं ते ज्यांनी आधीचा किल्ला पाहिला आहे त्यांना सांगायची गरज नाही. वेड्या बाभळींनी आणि काटेरी झाडोऱ्यानं गिळलेला भाग मोकळा झाला. वाटा झाल्या, बाग झाली, तिकीट आलं, बोटी आल्या. कुटुंबं मुलाबाळांसह येऊ लागली, बायका निर्धास्तपणे दिवसभर थांबू लागल्या. शासनाला अनेक दशकांत जे जमलं नाही ते करारावर सही झाल्यावर काही वर्षांत दिसलं, हे कबूल करायलाच हवं. वारशाच्या अभ्यासकांना किल्ल्यात बाग आणि बोटी खटकतात. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. बोटीत बसायला आलेला प्रत्येक जण बंधाऱ्याची घडण पाहत नाही, ते खरंच. पण बाभळीच्या मुळ्यांनी तट फोडत राहावेत आणि आपण अस्सलपणाच्या गोष्टी कराव्यात, यापेक्षा बाग परवडली.

मात्र कराराची पहिली वर्षं कशी गेली ते आठवून पाहा. 2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन पावसाळे मराठवाड्यात कोरडे गेले. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. लातूर इथून काही फार लांब नाही. ज्या किल्ल्याचं सगळं आकर्षण पाणी, त्याच्या पर्यटनाचा श्रीगणेशा दुष्काळात झाला. मग मार्च 2020 पासून कोविडनं राज्यातली स्मारकं बंद केली. म्हणजे 10 वर्षांच्या मुदतीतली कितीतरी वर्षं पाण्याविना किंवा कुलपाआड गेली. पाणलोटावर आणि पावसावर उभ्या असलेल्या ठिकाणी सरसकट ठरावीक मुदत हा गुंतवणूक करणाऱ्यावरही अन्याय आहे, आणि त्याच्या भरवशावर दुकान टाकणाऱ्यावर तर दुप्पट. कंपनीला निदान आपली मुदत कधी संपते ते ठाऊक असतं. गेटाबाहेर कर्ज काढून रसवंती टाकणाऱ्याला आत कोणता करार आहे, तो कधी संपतो, नवा माणूस आल्यावर गेटाची जागा बदलणार आहे का, हे कळायचा कोणताच हक्काचा मार्ग नाही.

आणि मुदतीवर अवलंबून काय काय असतं! पार्किंग कुठं असेल, आत जायचं दार किती वाजता उघडेल आणि मिटेल, आत खाण्याचे स्टॉल लावायचे का आणि कुणी लावायचे, तिकिटाचा दर, रात्रीचा प्रकाश. यांतला प्रत्येक निर्णय गावातल्या कुणाच्या तरी गल्ल्यावर जाऊन आदळतो. दार संध्याकाळी लवकर मिटलं तर पाहुणा उजेडातच सोलापूर गाठतो. आत उपाहारगृह झालं तर बाहेरच्या खाणावळीचं ताट रिकामं. हे निर्णय चुकीचे घेतले गेले असं मी म्हणत नाही. ते गावाला न विचारता घेता येतात, एवढंच म्हणतो.

चार खोल्यांचं निवास

समजा नळदुर्गमधल्या एखाद्यानं ठरवलं की किल्ल्याच्या वाटेवर आपली वडिलोपार्जित जागा आहे, तिथं चार खोल्या बांधू. खाली शेंगा चटणी, कडक भाकरी आणि पिठल्याची खाणावळ, वर मुक्काम. मुक्कामाचा धंदा हवा असं वर म्हटलं, तो असाच एका-एका माणसाकडून सुरू व्हायचा असतो. त्याची वाट पाहू.

जागा शेतीची असेल तर 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे अकृषिक वापराचा प्रश्न. अलीकडच्या दुरुस्त्यांनी, विकास आराखड्यात जागा कोणत्या वापरासाठी दाखवली आहे त्यावरून ही वाट बरीच सोपी केली आहे, पण त्यासाठी आराखडा आणि त्यातला रंग, म्हणजे जागेचा ठरवलेला वापर, आपल्या बाजूचा असावा लागतो. बांधकाम परवानगी नगरपरिषदेकडून, डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे. संरक्षित स्मारकाजवळची जागा म्हणून पुरातत्त्व खात्याचा ना-हरकत दाखला. इथंच बहुतेक जण दमतात. दाखला नाकारला जातो म्हणून नव्हे. विचारायचं कुणाला, किती दिवसांत उत्तर येईल, हेच गावपातळीवर कळत नाही. दुकाने व आस्थापना यांचा 2017 चा कायदा मात्र खरोखर माणसाच्या सोयीचा: कामगार थोडेच असतील तर नोंदणीची भानगड नाही, नुसती सूचना ऑनलाइन दिली की झालं. राज्यानं मनावर घेतलं तर कायदा लहान माणसाच्या मापाचा शिवता येतो, याचा हा पुरावा घरातच आहे.

मग खाद्यपदार्थांचा परवाना, अग्निशमन, पोलिसांकडे मुक्कामाच्या पाहुण्यांची नोंद. एवढं करून खोल्या उभ्या राहिल्या तरी त्या भरणार पावसाळ्यात काही आठवडे, नवरात्रात काही दिवस आणि खंडोबाच्या यात्रेत. बँकेचा हप्ता बारा महिने. त्यामुळे हा माणूस चार खोल्यांऐवजी दोन गाळे काढतो आणि भाड्यानं देतो. कायद्यानं त्याला अडवलं असं कुणी म्हणणार नाही. पण त्याच्या हिशेबात जो शेवटचा आधार हवा होता, म्हणजे किल्ला पुढची 15-20 वर्षं याच रीतीनं चालू राहील ही खात्री, ती कायदा देत नाही आणि करारही देत नाही.

गेटाबाहेरच्या हातगाड्यांची गोष्ट याहून नाजूक. केंद्राच्या 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण, विक्रीचं क्षेत्र ठरवणं, असं बरंच काही दिलं. ते सगळं नगरपरिषदेच्या रस्त्यावर लागू. एकदा पाऊल संरक्षित क्षेत्रात पडलं की दुसरा कायदा सुरू. धबधबा पाहायला आलेल्या माणसाला ती रेषा दिसत नाही. कणीस भाजणाऱ्या बाईला मात्र ती रोज दाखवली जाते.

सवलत कुणाच्या खिशातून

राज्यानं पर्यटनासाठी काहीच केलं नाही असं नाही. 2016 चं पर्यटन धोरण आलं. सप्टेंबर 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं. अणदूर, जळकोट या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना त्याचा उपयोग करून घेता येईल, कारण महामार्ग दाराशी आहे आणि शहरातल्या माणसाला दाखवण्यासारखी शेती आहे. त्याच वर्षी आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा द्यायचा निर्णय झाला आणि 1 एप्रिल 2021 पासून वीज, पाणी, मालमत्ता कर अशा गोष्टी उद्योगाच्या दरानं आकारायचं ठरलं. 2024 च्या पर्यटन धोरणात 10 वर्षांत 1 लाख कोटींची गुंतवणूक आणि 18 लाख रोजगार असं उद्दिष्ट आहे.

यांतल्या एका गोष्टीकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. मालमत्ता कर ही नगरपरिषदेची कमाई. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमात तिच्या उत्पन्नाचे जे मार्ग आहेत त्यांतला हा मुख्य. हॉटेलला मालमत्ता करात सवलत राज्य जाहीर करतं, आणि भार पडतो गावाच्या तिजोरीवर. त्याच नगरपरिषदेनं रविवारी आलेल्या गर्दीचा कचरा उचलायचा, रस्त्यावर दिवे लावायचे, पिण्याचं पाणी पुरवायचं. गर्दी किल्ल्याची, तिकीट किल्ल्याचं, आणि कचरा गावाचा.

उत्पन्नाची दुसरी दारंही अर्धवट उघडी आहेत. वस्तू व सेवा कर आल्यावर राज्य सूचीतल्या बासष्टाव्या नोंदीत करमणुकीवरचा कर फक्त स्थानिक संस्थांनी बसवण्यापुरता शिल्लक ठेवला गेला. पण घटनेत दार ठेवलं म्हणून नगरपरिषदेला आत जाता येत नाही. राज्याच्या कायद्यानं किल्ली द्यावी लागते. यात्रेकरूंवरच्या कराची तरतूद 1965 च्या कायद्यात आहे, पण ती देवस्थानाला येणाऱ्या भाविकांपुरती. किल्ल्याला येणारा यात्रेकरू नव्हे. लहान गावानं भाविकाकडून पैसे घ्यावेत आणि तिकीट काढून आलेल्या पर्यटकाकडून घेऊ नयेत, ही वाटणी मला उलटी वाटते.

एक गोष्ट जाता जाता. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्य म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. 11 महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. मराठवाड्यातला एकही नाही. निवडीचा विषयच मराठा दुर्गरचनेचा होता, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण निधी, रस्ते, मार्गदर्शक, प्रसिद्धी यांचा ओघ आता त्या बाजूला जाणार हे उघड आहे. नळदुर्ग, औसा, परंडा, उदगीर, कंधार या आपल्या भुईकोटांसाठी राज्याच्या कायद्याशिवाय दुसरा आधार उरत नाही. म्हणून तो कायदा कसा चालतो याची काळजी मराठवाड्यानं जास्त करायला हवी.

अणदूर आणि नळदुर्गचा करार

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवून जाणारी गोष्ट किल्ल्यात नाही, खंडोबाच्या देवळात आहे. नळदुर्गजवळच्या मैलारपूरचा आणि अणदूरचा खंडोबा एकच. देवळं दोन, मूर्ती एक. ती सव्वादहा महिने अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, आणि पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला भरते. देव एका गावातून दुसऱ्या गावात न्यायचा तेव्हा दोन्ही गावांचे मानकरी एकत्र बसतात, लेखी करार होतो, देव कधी जाणार आणि कधी परत येणार ते ठरतं, आणि वाजतगाजत मूर्ती निघते. अणदूरला मूर्ती दीर्घकाळ आहे म्हणून नळदुर्गचा हक्क बुडत नाही. यात्रा नळदुर्गला भरते म्हणून अणदूरचा मान कमी होत नाही.

या व्यवस्थेवर दोन्ही गावांचे हार, नारळ, भंडारा, बांगड्या, मिठाई विकणारे विसंबून आहेत. त्यांना तारखा माहीत असतात, जागा माहीत असतात, माल किती भरायचा ते माहीत असतं. करार कुणाच्या कपाटात बंद नसतो, गावासमोर होतो. ज्या गावकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या जमतं, त्यांच्याच गावातल्या किल्ल्याचा करार त्यांना बातमीतून कळावा, हे मला बोचतं. इथं लोकांना करार समजत नाही असा युक्तिवाद तरी कुणी करू नये.

पुढचा करार

संगोपन योजना मोडीत काढा असं माझं म्हणणं नाही. शासनाकडे प्रत्येक किल्ल्यासाठी माणसं आणि पैसा नाही, आणि नळदुर्गमध्ये पालकत्वाची पद्धत फळाला आली हे डोळ्यांनी दिसतं. माझं म्हणणं एवढंच की पुढचा करार, मग तो कुणाशीही होवो, दोघांचा न राहता तिघांचा व्हावा. नगरपरिषद त्यात पक्षकार असावी. तिकिटाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा तिच्याकडे जावा आणि तो स्वच्छता, पार्किंग, स्वच्छतागृहं आणि किल्ल्याच्या वाटेवरच खर्च व्हावा, गावच्या इतर खर्चात विरघळू नये. आत स्टॉल असतील तर ते आधी गावातल्या बचत गटांना आणि नोंदलेल्या पथविक्रेत्यांना. धरण न भरलेल्या वर्षाचा हिशेब मुदतीत धरला जावा. आणि मुदत संपायच्या पुरेशी आधी, संपल्यावर नव्हे, पुढं काय ते जाहीर व्हावं. बंद दार आणि पुन्हा वाढलेली बाभूळ या दोन्हींना मधल्या रिकाम्या काळात संधी मिळते.

वाटाड्यांचं काम यापेक्षा सोपं आणि स्वस्त आहे. गावातल्या पंधरा-वीस तरुण मुलामुलींना पाणी महालाची रचना, उपळ्या बुरूज, रणमंडळ, 1948 ची लढाई नीट शिकवून ओळखपत्र द्यायला नवा कायदा लागत नाही, पुरातत्त्व संचालनालय आणि पर्यटन संचालनालय यांनी एकत्र बसून एक परिपत्रक काढलं तरी पुरे. दोन तास गोष्ट ऐकणारा पाहुणा गावात जेवून जातो, आणि उशीर झाला तर खोली शोधतो. चार खोल्यांच्या त्या माणसाला एवढा भरवसा मिळाला तर तो गाळे काढणार नाही.

कायद्याची दुरुस्ती करायची तर तीही फार मोठी नाही. 1960 च्या अधिनियमाखालच्या नियमांत दोन गोष्टी याव्यात: राज्य संरक्षित स्मारकाशेजारच्या बांधकामाच्या ना-हरकत दाखल्याला उत्तराची मुदत, आणि स्मारकाचं व्यवस्थापन तिसऱ्याकडे सोपवताना स्थानिक स्वराज्य संस्थेचं म्हणणं घेण्याचं बंधन. हैदराबाद राज्यातून 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आलेल्या या भागानं कायदे नेहमी वरून आलेलेच पाहिले. एक तरी नियम खालून विचारून व्हावा ही मागणी जास्त नाही.

या नियमांना वेळ लागेल. तोवर एक गोष्ट आजही करता येते. किल्ल्याच्या पुढच्या कराराचा मसुदा सही होण्याआधी नळदुर्ग नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, तो मराठीत असावा, आणि सभेच्या ठरावासह संचालनालयाकडे परत जावा. असं करायला कोणत्याही कायद्यात मनाई नाही. नगरसेवकांनी तशी लेखी मागणी करायला तर आजच्या आज काहीच आडवं येत नाही.